कोपऱ्यापुढे गेलेला काप

मास्तरांच्या पोटात दुखायला लागलं, तेव्हा डॉक्टरांच्या आधी गल्लीनेच निदान करून टाकलं. खिळा! दुसरं काय असणार?

सोफ्यांना, खुर्च्यांना नवं कापड चढवायचं काम मास्तर एक्केचाळीस वर्षं करत होते आणि एक्केचाळीस वर्षं त्यांच्या गालात खिळे होते. हा काही विक्षिप्तपणा नव्हे, ती कामाची रीतच आहे. एका हाताने कापड ताणून धरायचं, दुसऱ्या हातात हातोडी, मग खिळा द्यायला तिसरा हात आणायचा कुठून? म्हणून चिमूटभर बारीक खिळे तोंडात टाकायचे आणि जिभेने एकेक ओठांवर आणायचा, टोक आत, डोकं बाहेर. हातोडीच्या तोंडाला लोहचुंबक असतं. ती ओठांशी नेली की खिळा टक्कन चिकटतो आणि पुढच्या क्षणी लाकडात. मास्तरांचा हात इतका बसलेला की नवख्याला वाटावं, हा माणूस हातोडीचे मुके घेतोय.

"एखादा गिळलाय का हो कधी?" असं कोणी विचारलं की मास्तर खिळ्यांच्या आडून म्हणत, "अंहं." तोंड भरलेलं असताना त्यांना तेवढंच बोलता यायचं. आपला संसार इतकी वर्षं टिकला तो त्यामुळेच, असं वहिनींचं म्हणणं होतं.

वहिनी म्हणजे मास्तरांची बायको. गल्लीतले सगळेच त्यांना वहिनी म्हणत, मास्तरांचे काका शोभतील असे म्हातारेसुद्धा. दुकान दोघांचं, राहणं मागच्याच खोलीत. कापणं वहिनींचं, ठोकणं मास्तरांचं. ही वाटणी लग्नानंतर दुसऱ्याच महिन्यात झाली, कारण मास्तरांची सुरी कोपऱ्यावर थांबत नसे. सरळ रेषेत छान यायची, कोपऱ्याशी पोचायची आणि नखभर पुढे जायची. कापडाला तिथे बारीकशी चीर पडायची, आणि ताणलं की ती चीर हसायला लागायची.

"अहो, कोपरा आला की थांबायचं असतं!"

"मी थांबलो होतो. सुरी थांबली नाही."

हे भांडण अडतीस वर्षं चाललं. एरवी भांडायला काही नसलं की दोघं तेच काढत. वहिनींची कात्री मात्र रेषेला बांधलेली. त्यांनी कापलेले शंभर तुकडे एकावर एक ठेवले तर एका लाकडातून कापल्यासारखे दिसत.

दोन वर्षांपूर्वी वहिनींच्या उजव्या अंगठ्याचं मूळ सुजलं. डॉक्टरांनी मोठी कात्री बंद केली. कापड बाहेरून, मशीनवर कापून यायला लागलं. वहिनी दुकानात येत, बसत, गिऱ्हाइकाशी बोलत, आणि मधूनच मांडीवरच्या हातांकडे असं बघत की जणू ते कोणा परक्याचे हात त्यांच्यापाशी विसरून राहिलेत. मास्तर हे पाहत. बोलत नसत. तोंडात खिळे.

पुढे मास्तरांच्या हृदयाने कुरकुर सुरू केली. एकदा गोळ्या घ्यायला विसरले आणि दुकानातच चक्कर येऊन पडले. त्या दिवशी वहिनींच्या हातांना पुन्हा काम मिळालं. उरल्यासुरल्या मखमलीची त्यांनी दुकानाच्या भिंतीवर टांगायची एक पट्टी शिवली. तिला सात दिवसांचे, सकाळ-दुपार-रात्र असे एकवीस खिसे. दर रविवारी त्या लहान कात्री घेऊन बसत, गोळ्यांची पाकिटं कापत आणि एकेका गोळीचा एकेक चौकोन ज्या त्या खिशात टाकत. लहान कात्री अंगठ्याला झेपे. चौकोन असे कापत की चारी बाजूंना सारखी किनार.

लेकीला हे पसंत नव्हतं. लेक शाळेत विज्ञान शिकवायची आणि घरीसुद्धा फळ्यासमोर उभी असल्यासारखी बोलायची.

"आई, पाकिटं कापत जाऊ नकोस. नाव एकीकडे जातं, तारीख एकीकडे. उद्या कोणी विचारलं ही गोळी कसली, तर काय सांगशील?"

"पांढरी, असं सांगीन."

"सगळ्याच पांढऱ्या आहेत!"

"तुला सगळ्या पांढऱ्या दिसतात. मी कापडवाली आहे. मला चार पांढरे दिसतात."

आणि मास्तरांसाठी नियम एकच होता. गोळी काढून घ्यायची आणि रिकामा चौकोन परत खिशात टाकायचा. झोपायच्या आधी वहिनी खिशात बोटं घालून मोजत. सकाळचे तीन, दुपारचे दोन, रात्रीचे दोन. मोजणी जमली की दिवस संपला. तेव्हापासून एकदाही चुकली नव्हती.

*

बुधवारी रात्री मास्तर जेवले नाहीत. गुरुवारी म्हणाले, गॅस आहे. शुक्रवारी सकाळी ते खुर्चीवर बसायच्या ऐवजी खुर्चीला धरून वाकून उभे दिसले, तेव्हा वहिनींनी दुकानाचं शटर ओढलं आणि त्यांना थेट हॉस्पिटलमध्ये नेलं. लेक शाळेतून परस्पर तिथे आली.

सर्जनबाई तरुण होत्या. केस घट्ट बांधलेले, आवाज मऊ, हात थंडगार.

"आजोबा, नेमकं कुठे दुखतंय?"

"आजोबा कोण? मला मास्तर म्हणतात."

"बरं, मास्तर. कुठे दुखतंय?"

"तुम्ही दाबताय तिथेच. बरोब्बर शोधलंत."

बाईंनी उजवीकडे, खाली, हळूहळू दाबलं आणि एकदम हात उचलला. मास्तरांचा विनोद अर्ध्यावरच तुटला.

"दाबलं तेव्हा जास्त दुखलं की सोडलं तेव्हा?"

"सोडलंत तेव्हा," मास्तर म्हणाले, आणि बाईंच्या कपाळावर एक बारीकशी आठी आली. वहिनींनी ती पाहिली. बारीक आठ्या, बारीक चुण्या वहिनींच्या नजरेतून सुटत नसत.

"तोंडात खिळे धरतात ते," लेक म्हणाली. "जन्मभर."

बाईंनी एकदा मास्तरांकडे पाहिलं आणि ताबडतोब एक्सरे सांगितला. एक्सरेत मणके दिसले, बरगड्या दिसल्या, चड्डीची कडी दिसली. खिळा नव्हता.

"बघा!" मास्तर पडल्या पडल्या म्हणाले. "मी काय सांगत होतो? पोटात काही नाही. चला घरी."

पण ताप होता, रक्ताचा रिपोर्ट वाईट होता, म्हणून स्कॅन झाला. तो पाहून आल्यावर सर्जनबाईंनी मायलेकींना व्हरांड्यात, खिडकीपाशी बोलावलं.

"आतड्याच्या शेवटच्या भागात एक वेटोळं सुजलंय," त्या म्हणाल्या. "त्याच्या बाहेर हवेचे दोन-तीन बारीक बुडबुडे आहेत. ते तिथे असायला नकोत. कदाचित आतड्याला टाचणीएवढं भोक पडलंय. कदाचित नुसती सूज आहे. सूज असेल तर औषधाने दोन दिवसांत उतरेल. पण आत काही रुतलेलं असेल, तर औषध कितीही द्या, ते टोचतच राहणार. मग घाण पोटभर पसरेल आणि आपल्या हातात काही राहणार नाही."

"मग उघडून बघा ना," लेक म्हणाली. आवाजातला फळा गेला होता.

"बघितलं असतं. पण त्यांचं हृदय भूल सोसेल इतकंच आहे, हकनाक भूल द्यावी इतकं नाही. मला कारण हवं. चार वाजेपर्यंत औषध देऊन वाट बघते. तोवर आठवा. गेल्या आठवड्यात काय खाल्लं? हाड, मासळीचा काटा, दात कोरायची काडी, फळाची बी? कवळी आहे का? कवळीची तार?"

मायलेकींनी मास्तरांच्या खाटेपाशी जाऊन सगळं एकेक करून तपासलं. हाड नाही, काटा नाही. दात सगळे स्वतःचे.

"गोळ्या घेतात त्या कशा?" मागून आलेल्या बाईंनी विचारलं. "कोणी काढून देतं? कधी कधी म्हातारी माणसं गोळी पाकिटासकट गिळतात."

इथे वहिनी सरळ बसल्या. एकवीस खिसे, सात दिवस, रिकामा चौकोन परत, रात्रीची मोजणी, सगळं त्यांनी खुलासेवार सांगितलं. वर म्हणाल्या, "सोमवारपासून कालपर्यंत एकूणएक मोजलेत. एक कमी नाही."

बाई पहिल्यांदाच हसल्या. "असं सगळ्यांनी केलं तर आमचं काम निम्मं होईल. म्हणजे तोही प्रश्न मिटला."

मास्तर छताकडे बघत होते. छताला बघण्यासारखं काही नव्हतं.

"फक्त भूल देणाऱ्या डॉक्टरांना गोळ्यांची नावं लागतील," बाई जाता जाता म्हणाल्या.

लेकीने आईकडे पाहिलं. चौकोनांवर नावं कुठली? उरलेली अर्धी पाकिटं दुकानातल्या ड्रॉवरमध्ये.

"आणते," वहिनी म्हणाल्या आणि उठल्या. दीड वाजला होता. घाईत फोन लेकीच्या पर्समध्येच राहिला.

*

दुकानात मास्तरांनी अर्धवट सोडलेली खुर्ची उलटी पडली होती. चार पाय वर, पोटातली स्प्रिंग उघडी. वहिनींना तिच्याकडे बघवेना. त्यांनी ड्रॉवरमधली पाकिटं पिशवीत भरली. मग वाटलं, खिशांची पट्टीही न्यावी, डॉक्टरांना दाखवायला. खरं तर सर्जनबाईंच्या त्या हसण्याची चव अजून जिभेवर होती. माणसाचा जीव टांगणीला लागलेला असतानाही कौतुक गोड लागतं, त्याला काय करणार?

रिकामे चौकोन कशाला न्यायचे, म्हणून एकेक खिसा त्या कापायच्या टेबलावर उलटा करू लागल्या. सोमवार सकाळ. सोमवार दुपार. सोमवार रात्र. चांदीच्या पाठीचे चौकोन टेबलावर पडत होते, एकासारखा एक. मंगळवार सकाळ, तीन. मंगळवार दुपार, दोन.

वहिनींचा हात थांबला.

दोनपैकी एक चौकोन त्यांचा नव्हता.

डोळ्यांना आधी कळलं, मग डोक्याला. किनार एकीकडे जाड, एकीकडे बारीक. कडा कात्रीची नव्हती, कात्री चिमटते आणि कड किंचित दबते. ही कड पात्याने एका ओढीत कापलेली. आणि कोपऱ्यात, चारपैकी दोन कोपऱ्यांत, काप आला होता, पोचला होता, आणि नखभर पुढे गेला होता.

जगात एकच माणूस असा कोपरा कापत होता.

वहिनींनी स्टूल पुढे ओढलं. पिशवीतली पाकिटं त्यांनी टेबलावर ओतली. त्याच गोळीच्या नव्या पाकिटाच्या एका टोकाचा चौकोन नव्हता, आणि शेजारच्या गोळीवर सुरी घसरल्याचा ओरखडा होता. मग ती गोळी गेली कुठे? मास्तर कसलीच वस्तू फेकत नसत. वाकडा खिळा फेकत नसत, तर गोळी फेकतील? वहिनींनी खिळ्यांचा डबा उघडला. वरच्या थरात, काळ्या खिळ्यांमध्ये, एक पांढरी गोळी शांतपणे बसली होती.

आता मंगळवारची दुपार त्यांना लख्ख आठवली. मास्तर याच खुर्चीच्या पोटात डोकं घालून होते. वहिनींनी दोन चौकोन त्यांच्या तळहातावर ठेवले आणि त्याच वेळी विचारलं की कडेचा गोट निळा लावायचा की करडा. मास्तरांनी एक गोळी काढली. दुसरी काढली की नाही हे दोघांपैकी कोणीच पाहिलं नाही. तळहात तोंडाशी गेला, मास्तर निळ्या-करड्याचा विचार करत होते, आणि खिळे गालात ठेवायची सवय असलेल्या तोंडाला धातूची चव काही नवी नव्हती. गटकन गिळलं. मग मास्तर एकदम ताठ झाले. दोन पेले पाणी प्याले.

"काय झालं हो?"

"अंहं."

"ठसका लागला?"

"अंहं." आणि थोड्या वेळाने, "अगं, करडा दोरा आणतेस का?"

करडा दोरा दुकानात होता. वहिनींना तो नंतर सापडला, तेव्हा त्या मास्तरांच्या विसरभोळेपणावर पोट धरून हसल्या होत्या.

तर वहिनी दोरा आणायला गेल्या तेवढ्या वेळात या माणसाने ड्रॉवर उघडला होता, कधीही थांबत नाही ती सुरी काढली होती, आणि बायकोची मोजणी चुकू नये म्हणून तिला एक चौकोन कापून ठेवला होता. ती गोष्ट त्यांनी अक्षरशः पोटात ठेवली होती.

आणि आपण? आपण छाती पुढे काढून सांगून आलो, एक कमी नाही.

एक क्षण, खोटं कशाला सांगा, वहिनींना लेकीचा चेहरा दिसला. पाकिटं कापत जाऊ नकोस. आता हे सांगायचं म्हणजे काय सांगायचं? की तुझ्या बापाच्या आतड्यात जे रुतलंय त्याचे चारी कोपरे मी कापलेत, रविवारी, रेडिओ ऐकत? पण तो क्षण क्षणभरच टिकला. भिंतीवरच्या घड्याळात अडीच वाजत होते. वहिनींनी त्याच गोळीचा, स्वतः कापलेला, एक न फोडलेला चौकोन घेतला, मास्तरांचा तो वाकडा घेतला, दोन्ही रुमालाच्या गाठीत बांधले आणि शटर उघडंच टाकून धावल्या. बासष्टाव्या वर्षी आणि चपलांत जितकं धावता येतं तितकं.

*

"हा माझा नाही," सर्जनबाईंच्या टेबलावर वाकडा चौकोन ठेवत वहिनी धापा टाकत म्हणाल्या.

"काय झालं, मावशी? बसा आधी."

"बसत नाही. हा मी कापलेला नाही. हा त्यांनी कापला, सुरीने, मला फसवायला. म्हणजे माझा चौकोन खिशात परत आलाच नाही. तो आत आहे. गोळीसकट. मंगळवारपासून."

लेक दारात उभी होती. तिने ऐकलं.

"मावशी, हा चौकोन दुसऱ्याने कापलाय, हे तुम्ही नुसतं बघून सांगताय?"

"तुम्ही दुसऱ्याने घातलेला टाका ओळखता की नाही?"

सर्जनबाईंनी चौकोन उलटा करून पाहिला. "ओळखते," त्या म्हणाल्या आणि उठल्या.

स्कॅनचे डॉक्टर एका अंधाऱ्या खोलीत, तीन पडद्यांसमोर, गार झालेला चहा घेऊन बसले होते. दिवसभर माणसांची पोटं बघून त्यांचा चेहराही करडा पडला होता. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि वहिनींनाच समजावलं, "प्लॅस्टिक लोखंडासारखं दिसत नाही, आजी. लोखंड ओरडतं. प्लॅस्टिक कुजबुजतं. काय शोधायचं ते माहीत नसेल तर ते अन्नात मिसळून जातं. तुमच्याकडे अगदी तसाच आहे का एक? गोळी आत असलेला?"

वहिनींनी रुमालाची गाठ सोडली.

मग एक गंमतच झाली. त्या डॉक्टरांनी काचेच्या पेल्यात पाणी भरलं, वहिनींचा चौकोन त्यात बुडवला, आणि माणूस झोपवावा तसा तो पेला त्या मोठ्या गोल यंत्राच्या पलंगावर ठेवला. पलंग आत सरकला. पेल्याचा स्कॅन निघाला. पडद्यावर पाणी राखाडी, त्यात एक पांढरा ठिपका, ठिपक्याभोवती काळं कडं आणि खाली बारीक सरळ रेघ.

"पांढरा ठिपका म्हणजे गोळी. काळं कडं म्हणजे फुगवट्यात अडकलेली हवा. रेघ म्हणजे पाठीचा चांदीचा कागद," डॉक्टर म्हणाले. शेजारच्या पडद्यावर त्यांनी मास्तरांचं पोट उघडलं आणि माउसचं चाक हळूहळू फिरवायला लागले. पोटाचे काप एकामागून एक सरकत गेले. सुजलेलं वेटोळं आलं. डॉक्टरांचं बोट थांबलं.

पांढरा ठिपका. काळं कडं. आणि रेघेचं एक टोक आतड्याच्या भिंतीत घुसलेलं.

"सकाळी हे मी पाहिलं होतं," ते हळूच म्हणाले. "मला वाटलं, अन्नाचा कण."

"मलाही वाटलं होतं, मोजणी बरोबर आहे," वहिनी म्हणाल्या.

सर्जनबाईंनी घड्याळ पाहिलं नाही. "ऑपरेशनची तयारी करा," एवढंच म्हणाल्या.

*

नेण्याआधी पाच मिनिटं मिळाली. लेक कागदांवर सह्या करत होती. मास्तर हिरव्या कपड्यांत होते, आणि त्या कपड्याची शिवण वाईट आहे हे दोघांच्याही लक्षात आलं होतं.

वहिनींनी वाकडा चौकोन त्यांच्या नाकासमोर धरला.

"हे काय?"

मास्तरांनी पाहिलं. मग छताकडे पाहिलं.

"छताकडे नका बघू. तोंडात आज खिळे नाहीत. बोला."

"कोपरा चुकला का?"

"दोन चुकले."

"मला वाटलंच. घाईत होतो, तू लगेच परत येशील म्हणून."

"अहो, जीव गेला असता!"

"मला काय ठाऊक? आमच्या उस्तादांनी एकदा अख्खा खिळा गिळला होता, तिसऱ्या दिवशी वाटेने निघून गेला. म्हटलं, हेही जाईल. आणि सकाळी एक्सरेत काही नाही म्हणाले. म्हटलं, सुटलो. गेलं ते."

"आणि बाईंनी विचारलं तेव्हा?"

मास्तरांनी वहिनींचा उजवा हात ओढून घेतला आणि त्या सुजलेल्या अंगठ्यावर स्वतःचा खडबडीत अंगठा ठेवला.

"तुझी मोठी कात्री गेली तेव्हा तू दोन महिने बोलत नव्हतीस," ते म्हणाले. "मग ही लहान आली. रविवारी तू कापायला बसतेस, तेव्हा ओठ असे पुढे काढतेस, पूर्वीसारखे. हे सांगितलं असतं तर लेकीने ती पण काढून घेतली असती. तू स्वतःच काढून ठेवली असतीस."

वहिनींना खूप बोलायचं होतं. त्यांनी वाक्यं रस्त्यातच तयार केली होती, एकाहून एक झणझणीत. त्यातलं एकही सापडेना.

"मूर्ख," त्या म्हणाल्या.

"अंहं," मास्तर म्हणाले.

*

संध्याकाळी सहाला सर्जनबाई टोपी काढत बाहेर आल्या. मायलेकी बाकावर एकमेकींना टेकून बसल्या होत्या. वहिनींनी आधी कपाळ पाहिलं. आठी नव्हती.

"चांगले आहेत. हृदयानेही साथ दिली. वेळेत गेलो. उद्यापर्यंत थांबलो असतो तर..." पुढचं त्या बोलल्या नाहीत. हातात एक छोटी पारदर्शक बाटली होती. तिच्या तळाशी चौकोन होता, चारी बाजूंना सारखी किनार. एक कोपरा किंचित दुमडलेला. तोच.

लेकीने बाटली हातात घेऊन बराच वेळ पाहिलं. वहिनी वाट बघत होत्या. आता येईल, मी सांगत नव्हते का? येऊ दे, आपल्या पदरात पडायलाच हवं.

"आई," लेक शेवटी म्हणाली, "तो दुसरा तुकडा मी पाहिला. मला काही म्हणजे काहीच वेगळं दिसलं नव्हतं. मी चार पांढऱ्यांवरून तुला हसायचे." आणि तिने आईच्या खांद्यावर डोकं ठेवलं. वहिनींना त्यापेक्षा ओरडा परवडला असता. त्यांच्या डोळ्यांना तिथेच धार लागली.

महिन्याभराने मास्तर दुकानात आले. चाल हळू झाली होती, पट्टा दोन भोकं आत गेला होता, पण हातोडी तीच. खिळे तोंडात ठेवण्यावरून मोठी वाटाघाट झाली. मास्तरांचं म्हणणं, खिळे निर्दोष सुटलेत, त्यांना शिक्षा का? शेवटी वहिनी कबूल झाल्या. पण गोळीच्या वेळी तोंड रिकामं करायचं, हात रिकामे करायचे आणि खुर्चीवर बसायचं. गोळी वहिनी स्वतः फोडून तळहातावर ठेवत. मास्तर गिळत. मग त्यांनी तोंड उघडून जीभ बाहेर काढायची आणि वहिनींनी आत डोकावायचं. गिऱ्हाईक आलं असेल तरीही. एका बाईंनी हे पाहून विचारलं, "मास्तरांना बरं नाही का?" तेव्हा मास्तर जीभ बाहेर ठेवूनच म्हणाले, "अंहं."

पाकिटं आता अख्खी राहतात. भिंतीवरच्या खिशांत गोळ्या नाहीत, बटणं आहेत. पण रविवारी लहान कात्री चालतेच. मास्तरांनी कुठूनसं एक काम आणलंय, खुर्चीच्या पाठीला लावायच्या चामड्याच्या छोट्या पट्ट्या, शेकड्यांनी. मशीनवर नीट कापून येत नाहीत, असं ते सांगतात. वहिनींनी चौकशी केली नाही. मशीनवर त्या सुंदर कापून येतात, हे त्यांना ठाऊक आहे. त्या ओठ पुढे काढून कापत बसतात, आणि आता कोपरे गोल काढतात.

मंगळवार दुपारच्या खिशात मात्र बटण नाही. तिथे एकच वाकडा चौकोन आहे.

"तो कचरा फेकून दे ना," मास्तर एकदा म्हणाले.

"राहू दे. खिसा रिकामा बरा दिसत नाही."

आणि त्यानंतर वहिनी मास्तरांना कोपऱ्यावरून कधीच बोलल्या नाहीत. पूर्ण आठ दिवस. नवव्या दिवशी मास्तरांनी एका गिऱ्हाइकाच्या निळ्या मखमलीवर सुरी चालवली, आणि शटरबाहेरच्या माणसांनाही ऐकू गेलं, "अहो, कोपरा आला की थांबायचं असतं!"